उभ्याने दोन डाव

टेलरबाईंनी तेरा पानं टेबलावर उलगडली, चौदावं पान पालथं टाकलं आणि पाठ खुर्चीला टेकवली.

"रमी."

केंद्राच्या हॉलमध्ये शनिवारी चार टेबलं लागत. फाटकावर पाटी होती ज्येष्ठांच्या आनंद केंद्राची. टेलरबाई त्याला म्हाताऱ्यांचं पार्किंग म्हणत, आणि दर शनिवारी साडेतीनच्या ठोक्याला सगळ्यांच्या आधी हजर असत. खिडकीजवळच्या टेबलावर कच्च्या लिंबांना जागा नव्हती. तिथे तिघंच बसत: टेलरबाई, एक निवृत्त नर्स आणि कंडक्टर. कंडक्टरला निवृत्त म्हणायची सोय नव्हती. बस सुटून चौदा वर्षं झाली तरी हा माणूस अजून ड्युटीवरच होता. त्याच्या टेबलावर जोकर काढून ठेवलेले असत. जोकर म्हणजे फुकटचा पास, असं त्याचं म्हणणं.

त्याने चष्मा नाकावर ओढला आणि पानांवरून एकेक करत बोट फिरवलं. बोट काळ्या रांगेत थांबलं.

"हे कुठलं पान, बाई?"

"सत्ती."

"कसली?"

"इस्पिकची. दिसत नाही का?"

"मला दिसतंय. किलवर आहे."

टेलरबाईंनी पान उचललं आणि खिडकीकडे धरलं. गर्द निळा दोरा आणि काळा दोरा ढगाळ दुपारीसुद्धा ज्या बाईने कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत, तिला आता पानावर मुंग्यांसारखे सात ठिपके दिसत होते. मुंग्यांना जात कुठून असणार.

"जाऊ द्या हो," नर्स म्हणाली. "एका पानाने काय बिघडतंय."

"एका तिकिटाने काय बिघडतंय, हे मी बत्तीस वर्षं ऐकलं," कंडक्टर म्हणाला. "सख्ख्या भावाला भर उन्हात अर्ध्या रस्त्यात उतरवलाय मी. घर दोन कोस लांब होतं. चालत गेला."

ही गोष्ट महिन्यातून एकदा व्हायचीच. नर्सने नेहमीप्रमाणे विचारलं, "मग बोलला का तुमच्याशी?"

"तीन वर्षं नाही बोलला. पण तिकीट काढायला लागला. चला बाई, सीट गेली. दोन डाव उभ्याने."

हा नियमही त्याचाच होता. चुकीची रमी लावली तर पुढचे दोन डाव खुर्चीमागे उभं राहून बघायचं. टेलरबाईंनी या नियमाने नर्सला चार वेळा उभं केलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांना चहा जरा जास्तच गोड लागला होता. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, म्हणजे जागा कोणाची ते कोणी विसरायला नको, आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या तीन टेबलांवरच्या माना वळल्या, परत फिरल्या.

"एकदा माझ्या घरी येऊन खेळा," त्या कंडक्टरच्या टकलाकडे बघत म्हणाल्या. "दोन वर्षांत एक रविवार हरले नाही मी."

कंडक्टर पानं लावत होता. त्याने मानही वर केली नाही.

"घरच्या बसमध्ये कोण तिकीट काढतं?"

घरी जाताना हे वाक्य त्यांच्या चपलेत खडा जावा तसं टोचत राहिलं. दोनदा थांबून त्यांनी ते झटकलं. मेला, याला काय माहीत. रविवारचा डाव त्यांनीच सुरू केला होता, दुकान बंद केलं त्या वर्षी. एकेचाळीस वर्षं मशीन चालवल्यावर रविवार दुपारच्या जेवणानंतर एकदम मोकळा आला तेव्हा त्यांनी मुलगा, सून आणि नवरा अशा तिघांना टेबलापाशी बसवलं आणि हातात पानं दिली. त्या तिघांना शिकवलं त्यांनी, रागावून, टपल्या मारून. सुरुवातीला सून जिंकायची. पोरगी हुशार, हिशोबी. मग हळूहळू टेलरबाईंचा हात बसला. तसंच वाटलं होतं त्यांना.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की आता चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही. मधला पडदा झिजलाय. तो कागद त्यांनी मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवला होता. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, दुसऱ्या दिवशीपासून गॅसजवळ जाऊ देणार नाहीत.

रविवारी दुपारी टेबल पुसून झालं. नवऱ्याने कानातलं यंत्र नीट बसवलं. मुलाने जोकर बाजूला काढून पानं वाटली.

टेलरबाईंनी त्या दिवशी पानं डोळ्यांशी नेली नाहीत. पाचव्या फेरीला त्यांच्या हातात चौकटची नव्वी आली. लाल रंग त्यांना अजून स्वच्छ दिसत होता. काळ्याशी काळं लागलं की घोटाळा व्हायचा. ती नव्वी त्यांनी टाकली नाही. चांगला अर्धा तास खेळ चालला. सून एकदा पान उचलता उचलता थांबली आणि तिने भलतंच पान उचललं. आधी हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. बघितलंच नव्हतं, म्हणायला हवं.

त्यांनी पानं उलगडली. इस्पिकची सत्ती, अठ्ठी, मग चौकटची नव्वी, मग इस्पिकची दश्शी. काळ्या कापडावर लाल ठिगळ. दुकानात कोणी असं शिवलं असतं तर त्यांनी कापड तोंडावर फेकलं असतं.

"रमी," त्या म्हणाल्या आणि तिघांच्या तोंडाकडे बघत बसल्या.

मुलाने पानांवरून नजर फिरवली. ती नव्वीशी आली, तिथे क्षणभर अडली आणि पुढे गेली.

"झालं. परत आईच."

"आईंचा हातच तसा आहे," सून म्हणाली आणि पानं गोळा करू लागली. तिने सगळ्यात आधी नव्वी उचलली.

नवरा हसत मान हलवत होता. त्याला ऐकू आलं नसलं तरी मान कधी हलवायची ते ठाऊक होतं.

टेलरबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. सून मागोमाग चहाचं आधण ठेवायला आली. दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. पाणी उकळू लागलं.

"कधीपासून?"

"काय, आई?"

"साखरेचा डबा खाली ठेव आणि सांग. कधीपासून?"

सुनेने डबा खाली ठेवला. तिला या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत तिला सासूचं एक कळलं होतं: खोटं बोललं तर दोनदा ऐकून घ्यावं लागतं.

"दोन वर्षं होतील."

"डोळे तेव्हा चांगले होते माझे."

"डोळ्यांसाठी नाही." सुनेने गॅस बारीक केला. "तुम्ही हरलात की बुधवारपर्यंत घरात कोणाशी सरळ बोलत नव्हता. भाजी खारट, इस्त्री वाकडी, माझं माहेर. मग यांनीच म्हटलं, जिंकू दे. आधी तुमच्या तोंडासाठी सुरू केलं. डोळ्यांचं नंतर कळलं."

"कसं कळलं?"

"बॉबिन काढायला खण उघडला होता."

बाहेर मुलगा बापाला मोठ्याने काहीतरी सांगत होता. बाप "काय?" म्हणत होता.

"आणि मला वाटायचं, म्हातारपणी का होईना, काहीतरी जमतंय," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी कप मोजून मांडले. चार. एकाचा कान तुटलेला होता, तो त्यांनी स्वतःकडे ओढला.

"रागावलात?"

"चहा उतू जातोय."

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं. जवळ जाऊन, यंत्राशी तोंड नेऊन. "तुम्हांला माहीत होतं?"

"तू माझ्यासाठी सगळं दोनदा बोलतेस," तो म्हणाला. "मी कधी म्हटलं, नको म्हणून?"

त्यांनी त्याचं यंत्र पुन्हा नीट बसवलं.

आठवडा गेला. भाजीला कोणी नावं ठेवली नाहीत, त्यामुळे घर जास्तच घाबरलं. टेलरबाई मात्र शनिवारची वाट बघत होत्या, चौथीतल्या पोरीने सहलीची बघावी तशी. हयातभर कोणा पै-पाव्हण्याचं उसनं कापड अंगाला लागू दिलं नाही त्यांनी. घरातले दोन वर्षं दया वाढत होते आणि त्या मिटक्या मारत जेवत होत्या. आता त्या खिडकीजवळच्या टेबलावर तरी पान म्हणजे पान होतं. उभं राहायला लागलं तर उभ्या राहतील. पायांना काय झालंय. ठिपके मोजायला बोट लावतील, भिंग आणतील, विचारतील सुद्धा, कंडक्टर, हे इस्पिक की किलवर. तो सांगेल. तो वाकडं सांगेल, पण खरं सांगेल.

"मी सोडतो आज," मुलगा म्हणाला.

"पाय आहेत मला."

"त्याच बाजूला काम आहे, आई."

केंद्राच्या फाटकाशी त्याने त्यांना उतरवलं. त्या चपला काढून आत गेल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, आणि खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकाशी दोन आकृत्या उभ्या होत्या. चेहरे दिसत नव्हते. पण एक पाठ त्यांनी पाळण्यापासून लग्नाच्या कोटापर्यंत मापली होती. डावा खांदा अर्धं बोट खाली. ही पाठ कोणाकडे काही मागायचं असलं की मानेपाशी जरा वाकायची. आता वाकली होती. समोरच्याने थोडा वेळ ऐकून घेतलं, टकलावरून हात फिरवला.

कंडक्टर आत आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तो कधी उशीर करत नसे.

"गाडीचं काहीतरी विचारत होता तुमचा मुलगा," तो कोणी विचारलं नसताना म्हणाला.

नर्सने पानं वाटली. टेलरबाई सावकाश खेळल्या. पहिला डाव नर्सने जिंकला. दुसऱ्यात त्यांनी बदामाची राणी उचलली आणि हातात धरून ठेवली, चार फेऱ्या, पाच फेऱ्या. मग पानं उलगडली. इस्पिकचा गुलाम, बदामाची राणी, इस्पिकचा राजा. लाल लुगडं नेसून मयतीला आल्यासारखी ती राणी त्या दोघांच्या मधे पडली होती.

"रमी," त्या म्हणाल्या.

नर्सने मान पुढे काढली, तोंड उघडलं आणि कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टरने चष्मा नाकावर ओढला. एकेक पानावरून बोट फिरवलं. गुलाम. राणी. बोट थांबलं नाही. राजा.

"तुमचा डाव, बाई," तो म्हणाला.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी हसलं, दुसऱ्याच कशाला तरी.

टेलरबाईंनी बदामाची राणी दोन बोटांत उचलली आणि कंडक्टरच्या पुढ्यात, नीट सरळ करून ठेवली. चष्मा काढून त्याने सदऱ्याच्या टोकाला पुसला. काच आधीच स्वच्छ होती.

"सख्ख्या भावाला उतरवलंत ना तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

कंडक्टरने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग खिडकीबाहेर बघितलं.

"तो तरुण होता," तो म्हणाला.

टेलरबाईंनी पर्स उचलून खांद्याला अडकवली. उठल्या, खुर्ची सारली आणि तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा हो," नर्स म्हणाली. "कोणी काही म्हटलं का तुम्हांला?"

"नाही ना," टेलरबाई म्हणाल्या. "तुम्ही पानं वाटा. माझे दोन डाव आहेत उभ्याने."