दोन केबिनींमधलं दार

नीरज दंडवतेने जन्मात एजंटाकडून तिकीट काढलं नव्हतं, आणि त्याचा त्याला भारी माज होता. वडील रेल्वेत गार्ड. त्यामुळे बर्थचं शास्त्र घरात बाळकडूसारखं पाजलेलं: नंबर ओळीने घ्या, कुटुंब एकाच खणात येतं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाचं बुकिंगही त्याने असंच, सुदामा नगरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून स्वतः उरकलं. दोन केबिनी, ओळीचे नंबर. एकीत तो, बायको अमिता आणि त्याची आई प्रमोदिनीबाई. दुसरीत सोळाची पूर्वा आणि चौदाचा देवांश. 'एकदम शेजारी!' म्हणत त्याने मिशीवरून हातही फिरवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला की बुकिंग अडलंय, एजंटाला भेटा. मग काय, शनिवारी सगळी वरात निघाली पलासियाला, एजंटाच्या ऑफिसात.

अमिता मात्र मनातून हरखली होती. तिचा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. दंडवत्यांच्या घरात एसी एकच, त्यामुळे उन्हाळ्यात सगळे त्या एका खोलीत गाद्या घालून झोपायचे, आणि पूर्वा लहानपणापासून आईच्या अंगावर पाय टाकून. यंदाच्या मे महिन्यात पोरीने आपली गादी उचलली, पुढच्या खोलीत नेली आणि दाराला आतून कडी लावली. एवढ्या उकाड्यात, नुसत्या पंख्याखाली! ती कडी अमिताच्या फार जिव्हारी लागली होती. सांगणार कुणाला? नीरज म्हणाला असता, "वय आहे यार तिचं." वय आहे हे तिलाही कळत होतं हो, पण कळून काय उपयोग? दोन वर्षांत पोरगी पुण्याला कॉलेजला जाणार. जहाजावर तरी ती आपल्याजवळ झोपावी, एवढंच अमिताला हवं होतं. आणि आता नीरजने केलेली वाटणी मोडणार, असं दिसत होतं.

ऑफिसात क्षितिजा नावाची चुणचुणीत मुलगी होती. तिने स्क्रीनवर जहाजाचा नकाशा उघडला आणि ओठ चावून हसू आवरलं.

"सर, या दोन केबिनी शेजारी नाहीयेत. या जहाजात सम नंबर एका अंगाला, विषम दुसऱ्या अंगाला. मुलं त्या बाजूच्या समुद्रावर, तुम्ही या बाजूच्या."

"पण नंबर तर ओळीने आहेत!" नीरज म्हणाला.

"ही ट्रेन नाहीये ना बाबा," देवांश खुदखुदला.

"मला चालतंय," पूर्वा फोनमधून मान वर न करता म्हणाली. "तीच ठेवा ना."

पण क्षितिजानेच मान हलवली. "नाही चालणार. अठराच्या आतली मुलं एकटी नाही ठेवता येत. त्यांच्या केबिनीत कुणीतरी मोठं पाहिजे. बुकिंग त्यासाठीच अडलंय."

"मी झोपते ना मुलांजवळ!" अमिता इतक्या घाईने बोलली की तिचं तिलाच कसंतरी झालं.

"आई नको!" देवांश ओरडला. "ती दहा वाजताच लाइट बंद करते."

"बाबाही नको. घोरतात," पूर्वा म्हणाली. "आजी चालेल. आजी झोपताना कानातलं मशीन काढून ठेवते. आम्ही रात्रभर गप्पा मारल्या तरी तिला पत्ता नाही."

"गधड्यांनो, आत्ता लावलंय मशीन," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि सगळं ऑफिस हसलं. म्हातारी खूश झाली होती. "बरं मुली, जहाजावर शेव मिळते का गं?"

"तिथे सगळं मिळतं आजी. म्हणजे... शेव नाही मिळत."

"मग सगळं काय मिळतं, कपाळ!"

अमिताही हसली. हसणार नाही तर काय करणार? सोळा वर्षं उशाशी झोपवलेली पोर, आणि आपला नंबर आजीच्या बहिरेपणाच्याही खाली. तिला भरून आलं, म्हणून ती उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधत बसली.

क्षितिजाने नकाशावर दोन चौकोन निळे केले. "या दोन खरोखर शेजारी आहेत. एकीत आजी आणि मुलं, दुसरीत तुम्ही दोघं. आणि पाहिजे असेल तर मध्ये दार असलेली जोडी पण आहे. या केबिनीतून त्या केबिनीत थेट जाता येतं. घेऊ?"

"नको," अमिता पटकन म्हणाली. आता अभिमान तरी राखायचा होता. "पोरांना मोकळीक हवीये ना? मग राहू दे त्यांना मोकळं."

"नको काय?" पूर्वाने फोन टेबलावर ठेवला. "दार पाहिजे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पोरगी कानापर्यंत लाल झाली, पण हटली नाही. तिने क्षितिजालाच विचारलं, "त्याची कडी कोणाकडे असते?"

"दोन्हीकडे. दोघांनी आपापली काढली तरच उघडतं."

"अच्छा." पूर्वा टेबलावरचं पेन उगाच सरळ करत बसली. "मग आई, तू तुझ्या बाजूची काढून ठेवशील ना? रात्री? मला नवीन जागेत झोप नाही येत. मी माझी काढेन."

"मतलब मला आजीजवळ एकटा टाकून जाणार तू?" देवांश किंचाळला.

"आणि ती आली तर मी कुठे झोपू?" नीरज म्हणाला.

"तुम्ही जा आईंच्या खणात. ओळीनेच आहे," अमिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. ती इतकी सुखावली होती की दार महाग पडेल का, हे विचारायला उघडलेलं नीरजचं तोंड तिने नुसत्या नजरेने मिटवलं. "दारवालीच लिहा हो क्षितिजा."

"लिहिली."

मग ती पूर्वाकडे वळली. "काढून ठेवीन कडी. पाहिजे तर पायसुद्धा टाक अंगावर. पण फोन पलीकडे ठेवून यायचं."

"आईऽऽ!" पूर्वा म्हणाली, आणि टेबलाखालून तिने आपला पाय आईच्या पायावर ठेवला.