नंबरातला पिवळा कॅन

मित्रांनो, मी एक जुना पिवळा कॅन आहे, वीस लिटरचा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात खाद्यतेल होतं आणि अंगावर झकास लेबल. तेल संपलं, लेबल सोललं. मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं मला गरम पाण्यानं तीनदा धुतलं आणि नळाच्या रांगेत उभं केलं. तेव्हापासून माझं काम एकच, नंबर धरायचा.

आमच्या वस्तीत एक दिवसाआड पाऊण तास पाणी येई. किती वाजता, ते नळालाच ठाऊक! म्हणून सगळे सकाळीच भांडी रांगेत लावून कामाला लागत. पण नियम कडक होता. पाणी आलं की प्रत्येक भांड्यापाशी वेगळं माणूस हवं, नाहीतर भांडं रांगेबाहेर. माझ्यापाशी त्या बाईची धाकटी लेक थांबे. सगळे तिला भिंगरी म्हणत. त्यामुळे तिची शाळा निम्मी बुडायची.

एकदा शाळेतल्या बाईंनी सांगितलं, "घरातल्या एखाद्या वस्तूला पाण्याबद्दल बोलू द्या. पण खरंखरं लिहा हं." भिंगरीनं रांगेतच माझ्या पाठीवर वही टेकवून माझं मनोगत लिहिलं. तिनं माझ्या तोंडी घातलं, "पाणी उताराकडे वाहतं असं पुस्तकात आहे. मग टेकडीवरच्या बंगल्यांत ते दिवसभर, आणि खाली आमच्याकडे पाऊण तास कसं?" जन्मभर तोंडाला झाकण असलेल्या मला त्या दिवशी वाचा फुटली. मला फार अभिमान वाटला.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. पाणीखात्याच्या साहेबांसमोर तो वाचायचा होता, आणि नेमका तो पाण्याचा दिवस होता. आई शिवलेले कपडे पोचवायला गेलेली. घरी थोरली बहीण आठ दिवसांची बाळंतीण, पिंप तळाला गेलेलं. भिंगरीनं शेजारच्या मावशीला गळ घातली.

"मावशी, माझ्या कॅनकडे बघाल ना? ही गेले आणि ही आले."

"जा गं. ठसक्यात वाच."

ती गेली आणि अर्ध्या तासात नळ सूं सूं करू लागला. माझा नंबर आला. मावशी आपल्या हंड्यापासून ओरडली, "अहो, तो भिंगरीचा आहे!"

"माणूस कुठंय? नियम म्हणजे नियम," मागचा माणूस म्हणाला आणि त्यानं मला पायानं बाजूला सारलं. त्याचा मला राग नाही. त्याच्याही घरी पिंप कोरडंच होतं.

नळ गेल्यावर भिंगरी धावत आली. "मावशी, साहेबांनी किती टाळ्या वाजवल्या!" मग तिनं मला उचललं. माझं वजन तिच्या हाताला पाठ होतं, तरी तिनं झाकण काढून आत पाहिलं.

मावशीनं आपल्यातलं दोन तांबे पाणी दिलं. ते बाळंतिणीला प्यायलाही पुरलं नाही. संध्याकाळी आई म्हणाली, "टाळ्यांनी बाळाचे लंगोट धुता येतात का गं?" आणि लगेच लेकीला पोटाशी धरून रडली. त्यानंतर भिंगरीनं कधी रांग सोडली नाही, आणि माझ्या पाठीवर वहीही टेकवली नाही.

आता मला तडा गेलाय. आईनं माझं तोंड कापून आत चिंध्या भरल्यात. तो निबंध मात्र शाळेच्या भिंतीवर अजून काचेत आहे म्हणतात.

मित्रांनो, पाण्यावर जरूर लिहा, चांगलं लिहा. पण कुणी असं लिहून वाचायला उभं राहिलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा, "आज तुझ्या कॅनपाशी कोण उभं आहे?" कुणीच नसेल, तर तुमच्यातल्या एकानं उठून त्या कॅनपाशी जाऊन उभं राहावं.