चांदी भरलेल्या चार दाढा

ज्योत्स्नाच्या चार दाढांत चांदी भरलेली होती. शाळेत असताना मूर्तिजापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी ती भरून दिली आणि पंचवीस वर्षं त्या दाढांनी ऊस, फुटाणे, कडक भाकरी सगळं बिनतक्रार चावलं. ती चांदी म्हणजे जवळजवळ निम्मा पारा, हे तिला यंदा फोनवरच्या एका व्हिडिओतून कळलं. त्या पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात जाते आणि रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचते, असं त्यातली बाई सांगत होती. ज्योत्स्नाला त्याच दिवशी सातवा आठवडा लागला होता.

याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. दोन्ही वेळा नवव्या आठवड्यात. सगळ्या तपासण्या झाल्या, कारण काही सापडलं नाही. कारण सापडलं नाही की बाई ते स्वतःत शोधते. बसमधून उभ्यानं गेले ते चुकलं का, पपई खाल्ली ते चुकलं का, असं तिनं दोन वर्षं केलं होतं. आता तिला वाटलं, चोर सापडला. तो इतकी वर्षं तोंडातच बसून होता.

बरं, हे बोलायचं कोणाजवळ? सासूबाई इंदूबाईंनी तिच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. पहिल्या वेळी त्यांनीच सगळ्या गल्लीत बर्फी वाटली होती, आणि पंधरा दिवसांत तीच गल्ली समाचाराला आली. दुसऱ्या वेळीही तेच. बुद्धविहारात पहिल्या ओळीत बसणारी ही बाई, बाबा-बुवाला दारात उभं न करणारी, पण तिसऱ्या वेळी तिनं सुनेला स्वयंपाकघरात ओढून बजावलं, "आपुन नजर-बिजर मानत नाई. पन तीन मयने होईस्तोर कोनाले सांगजो नोको. झाकली मूठ सव्वा लाखाची." बाळंतपणाच्या डॉक्टरिणबाई, नवरा सुगत आणि त्या दोघी, एवढ्या चौघांनाच ते माहीत होतं.

ज्योत्स्ना अमरावतीच्या राजापेठेत दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. तिनं वहीत रकाने पाडले आणि ती चांदी कोण नीट काढून देईल हे ठरवायला दातांच्या डॉक्टरांची परीक्षाच घ्यायला निघाली. तोंडावर रबराचा पडदा लावता का? वाफ ओढून घेणारं यंत्र आहे का? नाकाला वेगळी हवा देता का? चांदी घासून काढता की तुकडे करून? असे नऊ प्रश्न. राजापेठेतले पहिले डॉक्टर हसले. "नीट बसलेल्या चांदीला कशाला हात लावता? राहू द्या." त्यांना तिनं दोन गुण दिले, कारण ते हसले. गाडगेनगरातले दुसरे म्हणाले, "बसा, अर्ध्या तासात चारही काढून देतो." पडदा-बिडदा काही नाही. त्यांना शून्य. अकोल्याच्या डॉक्टर उज्मांनी मात्र फोनवरच नऊच्या नऊ प्रश्नांची उत्तरं दिली, तीही न चिडता. अकोला लांब म्हणून अर्धा गुण कापून ज्योत्स्नानं त्यांना साडेआठ दिले आणि वेळ घेतली.

आठवा आठवडा संपत आला होता. ज्योत्स्ना आणि इंदूबाई सकाळच्या एसटीनं निघाल्या. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. ज्योत्स्नाची जीभ सारखी त्या चार दाढांवरून फिरत होती. तोंडात आलेली लाळसुद्धा तिला गिळवत नव्हती.

दवाखान्यात आरती नावाच्या मदतनीस मुलीनं फॉर्म दिला. मधुमेह, रक्तदाब, कशाची अ‍ॅलर्जी. सहावा प्रश्न होता, गरोदर आहात का? ज्योत्स्नाचं पेन थांबलं. शेजारी बसलेल्या इंदूबाईंनी वाकून वाचलं, नुसती नकाराची मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, "दातवालीले काय कराचं हाये पोटाशी?" ज्योत्स्नानं 'नाही'वर खूण केली. नऊ प्रश्नांची खरी उत्तरं घेऊन आलेल्या बाईनं, तिला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर खोटं दिलं. शहाण्या माणसाची अक्कल भीतीपुढे अशी गहाण पडते. एक्स-रे काढायची वेळ आली तेव्हा तिनं बॅगेतला गेल्या वर्षीचा जुना पुढे केला.

डॉक्टर उज्मा चाळिशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी दाढ बधिर केली, रबराचा पडदा दाढेभोवती ताणून तारेच्या चौकटीत अडकवला आणि नाकावर हवेची नळी लावली. ज्योत्स्नाचं तोंड आता उघडंही होतं आणि बंदही. "बोलता येणार नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या. "काही झालं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन."

मग त्यांनी मान वळवली. "आरती, तू बाहेर जा. भावनाला पाठव."

आरती गेली. जाताना तिनं ओढणी पोटावर सारखी केली.

"तिला पाचवा महिना आहे," डॉक्टर नवे हातमोजे घालता घालता सहज सांगू लागल्या. "आपण कितीही काळजी घेतली तरी चांदी कापताना थोडी वाफ सुटतेच. बसलेली असते तेव्हा त्रास नाही, खरी सुटते ती काढताना. म्हणून या कामाला मी तिला खोलीत ठेवत नाही. आणि पेशंट गरोदर असेल तर मी हातच लावत नाही. बाळंतपण होऊ दे, मग ये म्हणते."

 राजापेठेतल्या त्या हसऱ्या डॉक्टरांना ज्योत्स्नानं दोन गुण दिले होते. बाळाला वाचवायला म्हणून ती तीन तास एसटीत बसून नेमकी या खुर्चीत आली होती. ओरडावं तर तोंडात रबर. यंत्र सूं करून सुरू झालं. सांगितलं आणि पुन्हा तसंच झालं तर? दोन्ही वेळा सांगितलं आणि गेलं. आईंना काय तोंड दाखवू? भावना आत आली, तिनं ओढून घेणारी नळी दाढेजवळ धरली. पाण्याचा थंड थेंब ज्योत्स्नाच्या गालावर उडाला, आणि तिचा डावा हात आपोआप वर गेला.

यंत्र थांबलं. "दुखलं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. मग तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

डॉक्टर उज्मांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिलं. एका झटक्यात पडदा काढला. "फॉर्मवर 'नाही' लिहिलंय तुम्ही!" त्यांचा शांत आवाज पहिल्यांदाच चढला. "कितवा?"

"आठवा आठवडा," बधिर जिभेनं ज्योत्स्ना कसंबसं म्हणाली. "लागलं का? यंत्र लागलं का दाढेला?"

"नाही. नुसतं पाणी उडालं." डॉक्टर स्टुलावर बसल्या.  "इंजेक्शननं काही होत नाही. पण एक मिनिट उशीर केला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. तुमची चांदी घट्ट आहे. तिला आता अजिबात हात लावायचा नाही."

बाहेर इंदूबाई उठून उभ्या राहिल्या. "काढली?"

"नाही. मी सांगितलं त्यांना, आई." आणि का सांगावं लागलं, तेही ज्योत्स्नानं तिथंच उभ्यानं सांगितलं.  इंदूबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, त्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग सुनेच्या हातातली बॅग काढून घेतली.

परतीची एसटी गच्च भरलेली होती. ज्योत्स्ना दांडा धरून उभी राहिली. गाडी खड्ड्यातून गेली की तिचा दुसरा हात पोटावर जाई. सोमवारी नववा आठवडा लागणार होता. डॉक्टरांनी धीर दिला होता, पण नवव्या आठवड्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. गालाची बधिरता उतरू लागली तशी तिनं जिभेनं दाढा मोजल्या. चारही होत्या.

बोरगावच्या पुढं गाडीनं जोराचा हिसका दिला. ज्योत्स्नाचा तोल गेला, आणि इंदूबाई एकदम मोठ्यानं बोलल्या. सगळी गाडी वळून पाहू लागली, इतक्या मोठ्यानं.

"बाप्पा, जरा उठा कोनी! माह्या सुनेले बसू द्या. दोन जीवाची हाये ते. आठ हप्ते झाले."

"आई!" ज्योत्स्नानं त्यांचा पदर ओढला.

"राहू दे व," इंदूबाई तिला रिकाम्या झालेल्या जागेवर बसवत म्हणाल्या. "दवाखान्यातच मीच सांगाले पायजे होतं."

त्या सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या, एक हात दांड्यावर आणि एक तिच्या खांद्यावर ठेवून.  अमरावती येईपर्यंत त्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही.