पेन्सिलचे दोन ठोके

"माणसाला मोठं करते ती बुद्धी नव्हे, कष्ट नव्हेत आणि नशीब तर नव्हेच नव्हे. माणसाला मोठं करतात ती त्याने जोडलेली माणसं!" मोठ्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. सभागृहातल्या दोनशे व्यवस्थापकांनी माना डोलावल्या. "आता हेच बघा. माझ्या शेजारी बसलेले हे माझे तेवीस वर्षांचे जिवलग स्नेही, श्रीयुत..."

साहेब थांबले. जिवलग स्नेह्यांचं नाव त्यांना काही केल्या आठवेना.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. साहेबांच्या मागे पडद्याला लागून त्यांच्या स्वीय सहायक ताई खुर्ची टाकून बसत. त्या नाव कुजबुजत आणि साहेब ते मनापासून उच्चारत. त्या दिवशीही ताई पुढे वाकल्या, त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून फक्त हवा आली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हाही हवाच. साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि शेवटी "यांना कोण ओळखत नाही!" असं म्हणून वेळ मारून नेली. टाळ्या पडल्या. ते स्नेही म्हणजे सिमेंट कंपनीचे अध्यक्ष. त्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

डॉक्टरांनी ताईंच्या घशात बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणून सांगितलं. गाठ साधी होती, पण काढावी लागणार होती आणि त्यानंतर महिनाभर एक शब्दही बोलायचा नव्हता. मग आवाज येईल, असं ते म्हणाले. ताईंनी कागदावर लिहून विचारलं, "हाच येईल ना?"

"कुठला तरी येईल," डॉक्टर म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रजा लगेच मंजूर केली आणि वर धीरही दिला. आवाज नाही आला तरी काळजी करू नका, तळघरात जुन्या फायलींची खोली आहे, तिथे बोलावं लागत नाही, निवृत्तीला चारच तर वर्षं राहिली, तोवर तात्पुरतं तिथे बसा. ताईंनी ती खोली पाहिली होती. तिथे अकरा वर्षांपूर्वी तात्पुरते पाठवलेले एक गृहस्थ अजून बसत होते. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की ते उभे राहत.

ताईंचं काम वरवर पाहता सोपं होतं. त्यांची कंपनी पंप बनवायची आणि साहेब ते पंप घेणाऱ्या मोठ्या लोकांना भेटायचे. ही भेट ठरायची दोन सहायकांच्या फोनवर. या सहायकांचं एक वेगळंच भावकीसारखं जाळं असतं. त्यात कुणी कुणाला पाहिलेलं नसतं आणि नावांनी हाक मारायची पद्धत नसते. ताई म्हणजे 'पंपताई'. सिमेंट अध्यक्षांचे सहायक म्हणजे 'सिमेंटकाका'. काकांची इमारत ताईंच्या खिडकीतून दिसे. चौथ्या मजल्यावरच्या कुठल्या तरी खिडकीत ते बसत असणार. तेवीस वर्षांत रस्ता ओलांडून जाऊन बघावं असं दोघांनाही वाटलं नव्हतं. फोनवर सगळं व्यवस्थित चाललं होतं, उगाच कशाला बिघडवा.

अडचण एकच होती. मोठी माणसं फोनवर आधी येत नाहीत. जो आधी येतो तो लहान ठरतो. त्यामुळे दोन्हीकडचे साहेब रिसीव्हर हातात धरून "ते आले का?" विचारत बसायचे आणि पंप तिथल्या तिथे राहायचे. यावर पंपताई आणि सिमेंटकाकांनी पहिल्याच वर्षी तोड काढली. दोघांनी आपापल्या रिसीव्हरवर पेन्सिल दोनदा वाजवायची आणि दुसऱ्या ठोक्याला एकदमच फोन आत जोडायचा. तेवीस वर्षं दोन्ही साहेबांची अशी समजूत होती, की समोरचा आपल्यासाठी आधीपासून थांबलाय. त्यालाच ते जिव्हाळ्याचे संबंध म्हणत.

ताईंची एक वही होती. तिच्यात नंबरांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असे. 'बँक – मुलीची परीक्षा.' 'जहाज – सुनेशी पटत नाही, विषय काढू नये.' 'सिमेंट – मांजर, आजारी.' गोष्टी बदलल्या की ताई खोडून नवं लिहीत. वहीची पानं खोडून खोडून मऊ झाली होती.

शस्त्रक्रिया झाली. घरी ताईंचं मौन सुरू झालं ते सासूबाईंच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. नवऱ्याच्या त्याच्याही नंतर. दिवसभर ऑफिसात बोलून आलेली बाई घरी कधी फार बोलतच नव्हती.

इकडे ताईंच्या खुर्चीवर साहेबांनी आपल्या मेहुण्यांना बसवलं. मेहुणे पन्नाशीचे, उमदे, आणि आजवर कुठलंच काम न केल्यामुळे सगळ्या कामांबद्दल त्यांना उत्साह होता. वही त्यांनी पहिल्याच दिवशी वाचून काढली आणि हे तर अगदीच सोपं आहे असं जाहीर केलं.

महिना संपला. ताई कामावर आल्या. नवा आवाज आला होता. तो जाड, खरखरीत होता, माठात दगड फिरवल्यासारखा. वॉचमन दोनदा म्हणाला, "काय काम आहे?"

साहेबांनी आवाज ऐकला, जरा वेळ छताकडे पाहिलं आणि परिस्थिती सांगितली. सिमेंटवाल्यांचं पंपांच्या देखभालीचं काम या महिन्यात नव्याने ठरायचं होतं आणि अध्यक्ष भेट देत नव्हते. ताईंनी शुक्रवारपर्यंत ती भेट मिळवावी. नाही जमलं, तर तळघरातली खोली झाडून ठेवायला त्यांनी सांगितलेलंच होतं.

"मी काही कमी केलं नाही हो, ताई," मेहुणे म्हणाले. "त्या काकांचा स्वतःहून फोन आला होता. मी वही उघडली, तुम्ही लिहिलंय तसंच अगदी प्रेमाने विचारलं, काय काका, मांजर काय म्हणतंय? तर फोनच ठेवला. तेव्हापासून त्यांचे साहेब मीटिंगमध्येच आहेत म्हणतात."

ताईंनी वही पुढे ओढली, 'आजारी' या शब्दावर रबर ठेवलं आणि काही न लिहिता वही मिटली. मग फोन लावला.

"नमस्कार काका. पंप बोलतेय."

"कोण?"

"पंपताई."

"ताई रजेवर आहेत," काका थंडपणे म्हणाले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

या वाक्याचे प्रकार असतात. 'मीटिंगमध्ये आहेत, पण बघतो' म्हणजे आशा आहे. 'आत्ताच बाहेर पडले' म्हणजे खरोखरच बाहेर पडलेत. आणि नुसतं 'मीटिंगमध्ये आहेत' म्हणजे तुम्ही कोण लागून गेलात. ताईंनी हे वाक्य हजारो लोकांना ऐकवलं होतं. स्वतः पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी घशावर जोर देऊन जुना आवाज काढून पाहिला. तो आणखीच वाईट आला. "अहो काका, मीच आहे, माझं ऑपरेशन..." काका म्हणाले, असे बरेच फोन येतात. ते आता फोन ठेवणार हे ताईंना त्यांच्या श्वासावरून कळलं. तेवीस वर्षांत तेवढं कळतं.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि रिसीव्हरवर दोनदा वाजवली.

काकांनी फोन ठेवला नाही. मग तिकडूनही दोन ठोके आले. हलके.

"ताई?"

"हो."

"आवाज कुठं ठेवून आलात?"

"डॉक्टरांकडे. गाठीबरोबर."

काका हसले नाहीत. "हाच राहणार आता?"

"हाच म्हणतात."

"राहू द्या. होईल सवय."

ताईंनी खिडकीतून पलीकडच्या इमारतीकडे पाहिलं. चौथ्या मजल्यावर नऊ खिडक्या होत्या. "मांजर कधी गेलं, काका?"

"एकवीस दिवस झाले. त्याच दिवशी फोन लावला होता मी. तुम्ही रजेवर आहात ते माहीत होतं. पण तुमच्या ऑफिसात फोन लावला की सुरुवातीला तुमचाच आवाज येतो ना, कृपया थांबा, आपला फोन जोडत आहोत. चौदा वर्षांपूर्वी भरलेला. म्हटलं तेवढं ऐकावं. तुम्ही थांबा म्हणालात, थांबलो. मग ते तुमच्या साहेबांचे मेहुणे आले."

ताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मंगळवारी तीन वाजता पाठवा तुमच्या साहेबांना," काका घसा साफ करून म्हणाले. "आमचे जेवणानंतर जरा निवळतात. सभेचा राग अजून आहे. नाव पाठ करून पाठवा म्हणजे झालं."

"तळहातावर लिहून देते."

"आणि आत्ता दोन शब्द बोलू द्या दोघांना. आहेत का जागेवर?"

"आहेत."

"आमचेही मीटिंगमध्ये नाहीत."

दोघांनी पेन्सिली वाजवल्या. दुसऱ्या ठोक्याला फोन आत गेले आणि बंद दारातून साहेबांचा गडगडाट ऐकू आला, "अरे, किती दिवस झाले! थांबावं लागलं का तुम्हाला?"

ताईंनी वही उघडली. सिमेंटच्या पुढे 'मांजर, आजारी' पुसलं. तिथे काय लिहावं याचा विचार केला आणि जागा तशीच ठेवली.

दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले. चेहरा उजळला होता. "बघितलंत ताई? संबंध! एक फोन, आणि मंगळवार तीन वाजता. त्या तळघराचं राहू द्या तूर्त." मेहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "शिका जरा. ही माणसं मी तेवीस वर्षं जोडलीत. याला काळीज लागतं."

मेहुण्यांनी मान डोलावली. ताईंनीही डोलावली. साहेब आत जायला वळले, दारात थबकले आणि ताईंच्या टेबलाकडे बघत त्यांनी हात पुढे केला.

"ती पेन्सिल द्या हो जरा. कानात केव्हाची खाज येतेय."