पिकअपमधलं बोलणं

"गप्प बसा सगळे," आत्या म्हणाली आणि तिनं पिकअपच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

सगळे म्हणजे आम्ही तिघंच. मी, पिकअपचा मालक आणि त्याची बायको. त्यातली बायको तर आल्यापासून गप्पच होती. पण आत्याची शिस्त म्हणजे शिस्त. टकटक करत ती दाराच्या मधोमध आली, तिथं पत्रा झणझणला, तिथं तिनं खडूनं फुली मारली. मग छप्पर, मग पायाखालचा पत्रा, मग सीटच्या मागची भिंत. बासष्ट वर्षांची बाई गाडीत रांगत होती आणि मी, तिची धडधाकट भाची, बाहेर उभी राहून जांभया देत होते. हे आधीच कबूल केलेलं बरं.

आमचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान आहे. मशीन मी चालवते आणि गिऱ्हाइकांशी भांडतेही मीच. आत्या कुणाशीच भांडत नाही, त्यामुळे घराण्याचा कोटा मला एकटीला पुरा करावा लागतो. तिचं काम वेगळं. जुन्या गाडीच्या केबिनमधला आवाज काढायचा. आतून डबा वाजतो, डोकं उठतं, असं म्हणत लोक लांबून तिच्याकडे येतात. हे तिला कुणी शिकवलं नाही. एक मोडकी केबिन विकत आणून तिनं ती उलटीपालटी केली आणि शिकली. कौतुक करायला मी जरा कंजूसच आहे, पण आत्यासारखा कान मी दुसरा पाहिला नाही, हे कुठंही लिहून द्यायला तयार आहे.

तर हा पिकअपवाला रोपं विकायचा. मागं फुलझाडांच्या, फळझाडांच्या पिशव्या भरायच्या आणि घरोघर, बागोबाग पोचवायच्या. आम्ही त्याला रोपवालाच म्हणू लागलो. त्याचं लग्न आणि ती पिकअप एकाच वर्षातली म्हणे, दोन्हींना सव्वीस वर्षं झालेली. एवढी वर्षं बायको रोज शेजारी बसून फिरलेली. कुणाला काय द्यायचं, कुठं वळायचं, कुणाची मोगऱ्याची तक्रार आहे, सगळं तिच्या तोंडपाठ.

"हिचा आवाज असा होता ना," रोपवाला म्हणाला, "की इंजिन लाजायचं."

चार महिन्यांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता घशातून नुसती हवा यायची, कुजबुजल्यासारखी. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढं असंच राहणार, आणि जोर लावायचा नाही.

"गाडीत हिला काही सांगायचं असलं की मी कडेला घेतो. इंजिन बंद करतो, मग ऐकतो. परवा तीनदा बंद केलं. तिसऱ्यांदा काय म्हणाली माहितीये? म्हणाली, काही नाही, चला." त्यानं मान खाली घातली. "आता म्हणते, मी येतच नाही."

आत्यानं थेट बायकोलाच विचारलं, "तुम्हाला यायचंय का गाडीतून?"

बायको काहीतरी बोलली. मला ऐकायला जवळ जावं लागलं.

"घरी भिंतींशी काय बोलू?" ती म्हणाली.

माझी जांभई तिथंच थांबली.

आत्यानं पिकअप तीन दिवस ठेवून घेतली. आतलं सगळं उचकटलं. सीट बाहेर, पायाखालचं मॅट बाहेर, दारांचे आतले पुठ्ठे बाहेर. मग पत्रा घासूनपुसून फुल्यांवर काळ्या चिकट शीट लावल्या आणि लाटण्यासारख्या लोखंडी रुळानं दाबून दाबून बसवल्या. सगळीकडं नाही हं. लोकांना वाटतं, जितकं जास्त चिकटवाल तितकं बरं. आत्या म्हणते, पत्रा मधोमध थरथरतो, तिथं धरला की झालं. वर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मात्र तिनं बुजवली नाहीत, नाहीतर दार आतून गंजलं असतं. मग मला आत बसवून, दारं लावून, बाहेरून टॉर्च फिरवला. दाराच्या रबराशी जिथं जिथं मला उजेड दिसला तिथं तिथं नवीन रबर. शेवटी इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा. वायरी जातात ती भोकं, गिअरच्या दांड्याची फट, सगळं बंद.

चौथ्या दिवशी नवरा-बायको आली. आत्या बायकोच्या जागेवर बसली, बायकोला मधे घेतलं, रोपवाल्यानं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

"ऐकू येतंय!" तो मला सांगत होता, जसं काही मीच बहिरी होते. "म्हणाली, समोर कुत्रं आहे. मला ऐकू आलं!"

मी दोन दिवस उगाचच खुशीत होते. आणि तिसऱ्या दिवशी पिकअप परत दारात.

बायको उतरली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. रोपवाला पार वरमला होता.

"ताई, सगळं काढून टाका," तो म्हणाला.

"काढून टाका म्हणजे?" मी मशीनवरून उठलेच. "तीन दिवस आमची बाई त्या पत्र्यात उलटी लटकत होती! गंमत आहे का?"

"तू शीव," आत्या मला म्हणाली. मग त्याला म्हणाली, "काय झालं ते सांगा."

झालं होतं असं. त्या पिकअपमधला वेगाचा काटा कधीच मेलेला. इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा काटा तर तिला जन्मापासूनच नव्हता. रोपवाला सव्वीस वर्षं कानानं गाडी चालवत होता. इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर, किंचाळायला लागलं की वरचा. आता त्याला कण्हणंही ऐकू येईना. मोठ्या चढावर भरल्या गाडीत तो तिसऱ्यातच राहिला, इंजिन दम तोडून बंद पडलं आणि गाडी मागं घसरायला लागली. ब्रेकवर उभाच राहिला म्हणून वाचले. मागं निम्म्या पिशव्या आडव्या झाल्या.

"मला वाटतंय, मी झोपेत गाडी चालवतोय," तो म्हणाला. "पण काढून टाका असं मी नाही म्हणत. ती म्हणते."

बायको पुढं आली. आत्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलली, पण मी ऐकायचं सोडते की काय.

"यांच्या जिवापेक्षा माझं बोलणं मोठं नाही," ती म्हणाली. "मी राहीन घरी."

आता माझी तयारी होती भांडायची. गिअर कळत नसेल तर नवीन काटा बसवा, यात आमचा काय दोष, अशी वाक्यं जिभेवर आली होती. आत्या मात्र पायरीवर बसली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मला गाडी चालवता येत नाही."

हे खरंच होतं. चौदा वर्षं गाड्यांच्या पोटात काढलेल्या या बाईनं कधी स्टिअरिंग धरलेलं नाही. त्यामुळे तिची पारख नेहमी शेजारच्या सीटवरून. चालवणाऱ्याला काय ऐकायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर सारवासारव केली असती. मी तर केलीच असती. आत्या उठली, पिकअपमध्ये शिरली आणि रोपवाल्याला म्हणाली, "बसा. तुम्ही काय ऐकता ते मला ऐकवा."

"कसं ऐकवू?"

"तोंडानं."

तो लाजला, इकडंतिकडं बघितलं, मग बंद गाडीत, हातात स्टिअरिंग धरून, तो पन्नाशीचा बाप्या तोंडानं इंजिन वाजवायला लागला. घुंऽऽ, घर्र, घर्रर्र. "इथं दुसरा टाकायचा," मधेच सांगायचा. आत्या डोळे मिटून ऐकत होती. मी हसू दाबून दाबून लाल झाले. त्याची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून उभी.

"म्हणजे मोठा आवाज नकोच तुम्हाला," आत्या म्हणाली. "ही घरघर तेवढी पाहिजे. ही पायाशी येते."

मग सुरू झालं खरं काम. आतून उपसलेलं पुन्हा उपसायचं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. ती काळी शीट एकदा बसली की निघत नाही. गरम हवा मारायची, पातळ पात्यानं खरवडायची, बोटं भाजायची. आत्या डॅशबोर्डच्या खाली उताणी पडली. चालवणाऱ्याच्या गुडघ्यासमोर, पेडलच्या वर, तिनं तळव्याएवढी जागा उघडी केली.

"इंजिन चालू करा. आणि तुम्ही बोला," ती बायकोला म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. आकडे म्हणा."

बायकोनं आकडे म्हणायला सुरुवात केली. रोपवाल्यानं मान हलवली, घरघर येतेय, पण आकडे नाहीत. आत्यानं निम्मी जागा परत चिकटवली. आकडे आले, घरघर गेली. पुन्हा गरम हवा, पुन्हा पातं. मग बायकोच्या आणि त्याच्या पायांमध्ये तिनं नमद्याचा उभा पडदा लावला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दुपार व्हायला आली, आत्याच्या दोन नखांमधून रक्त येत होतं. मी म्हटलं, "आत्या, बस झालं, उद्या बघू," तर खालून नुसता हात बाहेर आला, पातं मागायला.

एव्हाना आकडे म्हणून बायको कंटाळली होती. तिनं आकडे सोडले आणि नवऱ्याच्या कागाळ्या सुरू केल्या. कुजबुजतच, पण काय वेग होता! "चार महिने हा माणूस मला स्वयंपाकघरात मदत करतोय. कुठलाही डबा जागेवर नाही. मीठ शोधायला मला चष्मा लावावा लागतो. ओरडता येत नाही म्हणून गप्प बसले. आणि गुलाबाला इतकं पाणी घालतात का हो? मरायला टेकलाय तो. आणि तो निळा शर्ट आता फेका, बाही फाटलीय..."

"बाही शिवली मी," रोपवाला म्हणाला.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. इंजिन चालू होतं. त्याचा पाय पेडलवर होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि त्यानं तिला उत्तर दिलं होतं.

"घरघर?" आत्या खालून ओरडली.

"तीही येतेय."

आत्या बाहेर आली तेव्हा तिला उभं राहायला माझा हात लागला. उघडी ठेवलेली जागा शेवटी काड्यापेटीएवढी उरली होती. ती हात पुसत म्हणाली, "मोठ्या चढावर जाऊन या. मला विचारायला लावू नका, येऊन सांगा."

ते गेले. आत्यानं चहा केला आणि प्यायली नाही. गल्लीच्या तोंडाशी कुठलीही गाडी वळली की ती बघायची. पाऊण तासानं पिकअप आली, नेमकी आमच्या शटरसमोर थांबली. काचा बंद, इंजिन चालू. आतून रोपवाल्यानं आत्याकडं बघून हात जोडले. आता उतरतील म्हणून आम्ही पायरीवर उभ्या राहिलो.

पण कुणी उतरेचना. बायको बोलत होती. हातवारे करून, मान वेळावून, थांबायचं नाव नाही. तो तिच्याकडं वळून ऐकत होता, मधेच हसत होता, मधेच कशालातरी नाही म्हणत होता. आम्हाला बाहेर एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

जेवायची वेळ टळून गेली होती. पोटात कावळे ओरडत होते आणि गाडी दारात आडवी, शटर ओढायची सोय नाही.

"मी काच वाजवते," मी म्हणाले.

"बस खाली," आत्या म्हणाली. ती आधीच बसली होती.

मी बसले. तिची नजर त्या काचेवरच होती.

"तुझ्या आतोबांशी मी आठ वर्षं ओरडून बोलले," ती म्हणाली. "पिकअप चालवून चालवून कान पार गेले होते त्यांचे. जेवायला चला, औषध घेतलं का, दार लावा. ओरडून माणूस कामाचंच बोलतो गं. बाकीचं राहूनच गेलं."

आतोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल असं ती माझ्याजवळ कधीच बोलली नव्हती. मी तिचा भाजलेला हात माझ्या मांडीवर घेतला.

गाडीत रोपवाल्याची बायको अजून बोलत होती. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो.