सोमवारपर्यंत मान सांभाळा

दोन हजार तीन सालची गोष्ट. यांच्या हातून पाण्याचा ग्लास तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी ओरडलेच, "हाताला काय लोणी लावलंय का?" हे नुसते उजव्या हाताकडे बघत राहिले. त्या आठवड्यात शर्टाची बटणंही मीच लावत होते. रांजणगावच्या कंपनीत दिवसभर मान खाली घालून काम, अवघडली असेल, असं मी धरून चालले. माझा स्वभावच तसा, आधी ओरडायचं आणि मग विचार करायचा.

शिरूरच्या डॉक्टरांनी यांच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय केवढ्यांदा उडाला. मान मागे वाकवून जराशी दाबली, तसे हे हातात करंट गेल्यासारखे किंचाळले. एक्स-रे साफ होता. तरी डॉक्टरांनी यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली असावी, ती मुख्य नसेवर दाबतेय. एक्स-रेत गादी दिसत नाही. पुण्याला एमआरआय करा, सोमवारची वेळ घेऊन देतो. तोवर मानेला झटका बसता कामा नये. बसला तर हातपाय कायमचे जातील."

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मच्छिंद्राच्या कानावर घालू नगं. मानसानं हाय खाल्ली म्हंजी औषदाचा बी उपेग न्हाई." मलाही पटलं. हे तसे भित्रेच, दाढ काढायची म्हणून दोन दिवस जेवले नव्हते. मी यांना एवढंच सांगितलं, की नस आखडलीय, पुण्याला एक फोटो काढायचाय. मग माझा पहारा सुरू झाला. मोटारसायकलची किल्ली लपवली, पाण्याची बादली उचलू दिली नाही.

"मी काय बाळंतीन हाय व्हय?" हे चिडायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

रविवारी सकाळी मी धुणं धूत होते आणि हे कुठं दिसेनात. सासूबाई म्हणाल्या, "पुन्याला जायचं म्हनून दाढी करायला गेलाय."

बरं म्हटलं आणि चादर पिळायला घेतली. दाढीत कसला आलाय धोका! अर्धी चादर पिळली आणि हातच थांबले. सोपानरावांच्या दुकानात दाढी झाली की डोक्याची मालिश, आणि मालिश झाली की मान मोडायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याशिवाय यांना दाढी केल्यासारखं वाटतच नाही.

मी ओल्या साडीनं, अनवाणीच पळत सुटले. देवा, आज दुकानात गर्दी असू दे, यांचा नंबर लागलेला नसू दे, एवढंच तोंडात होतं. भीतीनं रस्ता सरता सरेना.

हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सोपानराव टॉवेल झटकत होते.

"सोपानराव, यांची मान मोडू नका!"

"झाली की, वैनी. दोन्ही अंगानं. लई दिसांची आखडली व्हती."

यांनी डोळे उघडले आणि आरशातून माझ्याकडे बघून हसले. मी जाऊन त्यांचा हात धरला.

"अहो, माझा हात दाबा. जोरात."

"दाबलाय की."

त्यांची बोटं माझ्या हातात नुसती पडून होती.

"उठा बघू."

ते पुढे झुकले, पण पाय जागचे हलेनात. त्यांनी आधी पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डाक्टर तुला काय म्हनले व्हते गं?"