पाणी न लागलेली

मित्रांनो, मोबाईलवर माझा जुना फोटो दिसला तर कुणी माझ्या प्रेमात पडू नका. फोटोत मी लालचुटुक आहे, माझी चाकं चांदीसारखी चमकतात, आणि मागं सोनेरी ऊन पडलेलं आहे. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात ना, तो प्रकार आहे सगळा. मी एक जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी. दोन माणसांची, टप उघडणारी, आणि इतकी बुटकी की गावातला गतिरोधक आला की माझं पोट घासतं. सांगलीत एका बंगल्याच्या शेडमध्ये मी उभी आहे. खाली मान घालून उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

माझा जन्म इटलीतला. तिथल्या कारागिरांनी माझ्या सीटवरचं कातडं हातानं शिवलं. बोटीतून मी मुंबईला आले आणि तिथून साताऱ्याला एका कारखानदाराकडे. माझे खरे लाड झाले ते साताऱ्यातच. तिथं माझा ड्रायव्हर होता नानासो, पलटणीतून रिटायर झालेला. "गाडी म्हंजे रायफल. आदी पुसायची, मग च्या प्यायचा," असं म्हणायचा आणि रोज तसंच करायचा. पोवई नाक्यावर मी थांबले की पोरांचा गराडा पडायचा. मी तेव्हा लय माजात होते, खोटं कशाला बोलू?

पुढं मालकांचे गुडघे गेले. माझ्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. त्यांना उतरताना दोघांचा आधार लागायला लागला, तेव्हा त्यांनी माझी जाहिरात मोबाईलवर टाकली. ती पाहून शिवतेज आला. मूळचा कडेगावचा, घरचा ऊस, सांगलीत ठिबकच्या पाइपांचं दुकान. वर्षानुवर्षं त्यानं अशा गाडीचा ध्यास घेतलेला.

गाडी कशी पारखावी ते त्याच्याकडून शिकावं. त्यानं आधीच फोन करून बजावलं होतं, "मी यीस्तोवर इंजिन चालू करू नका." कारण इंजिन गरम असलं की त्याची सकाळची कुरकुर लपते. आल्याबरोबर त्यानं इंजिनावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली. पायाखालची चटई उचलून वास घेतला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण गाडी पाण्यात बुडाली असेल तर चिखलाची रेघ तिथं राहते. टॉर्च घेऊन तो माझ्या पोटाखाली उताणा झोपला.

"कुठं आपटलीय का?" त्यानं विचारलं.

नानासो म्हणाला, "खंबाटकीच्या घाटात एकदा घासलीय, डाव्या अंगाला. रंग दिलाय. नीट बघून घ्या."

शिवतेज हसला. "तुमी तर गिऱ्हाईक पळवायला लागलाय की!"

"पळालं तर पळू द्या," नानासो म्हणाला. "फसलेलं गिऱ्हाईक रोज शिव्या देतंय."

शिवतेजनं मला घेतलं. सांगलीत पहिली काही वर्षं सुखाची गेली. रविवारी तो आणि त्याची बायको राजेश्वरी माझ्यातून कडेगावला जायचे. उसाच्या ट्रॉल्यांमागं आम्ही बैलगाडीच्या चालीनं चालायचो. राजेश्वरी टप उघडा ठेवायची आणि घरी गेल्यावर केसांतला धुरळा झटकत त्यालाच बोल लावायची. त्याच्या आईनं मला ओवाळलं होतं. काय ते कौतुक!

मग कृष्णेला पूर आला. पाणी आपल्या गल्लीपर्यंत येत नाही, असं सगळेच म्हणत होते. ते आलं. घरच्यांनी गाद्या, टीव्ही, धान्य वरच्या मजल्यावर नेलं आणि होडीतून ते सगळे बाहेर पडले. मला कोण आणि कसं नेणार? पाणी माझ्या दारातून आत आलं, सीटवर चढलं, आणि मी बुडाले. पाणी ओसरल्यावर शिवतेज गुडघाभर चिखलात उभा राहून ढसाढसा रडला. माझ्यासाठी कुणी रडलं ते पहिल्यांदाच. म्हणून पुढं त्यानं जे केलं त्याबद्दल त्याला नुसती नावं ठेवायला मला जमत नाही.

गॅरेजवाल्यानं मला धुतलं, वाळवलं, चालू केलं. पण जाताना तो स्पष्ट सांगून गेला. "वायरिंग कुजलंय, आन ब्रेकचा भरवसा धरू नका. धा बारी लागंल, अकराव्या बारी पाय नुसताच खाली जाईल. दारात शोभंला ठेवा." पार इटलीहून सामान मागवायचं म्हटलं तर दुकान विकावं लागलं असतं. मग दोनच वाटा उरल्या. एक भंगारवाल्याची आणि दुसरी मोबाईलवरची.

शिवतेजनं मला पॉलिश करून आणलं, नव्या चटया घातल्या. फोटो राजेश्वरीनं काढले. त्यानं खाली मजकूर लिहिला: 'जपून वापरलेली, पाणी न लागलेली.'

तिनं वाचलं आणि फोन त्याच्यापुढं धरला. "आवं, पुराचं लिवा की."

"लिवलं तर कोण इचारंल?"

"न्हाई इचारलं तर न्हाई. पर हे बरं न्हवं."

त्यानं जाहिरात तशीच टाकली. आणि मित्रांनो, मलाही तेव्हा बरंच वाटलं. भंगाराच्या ढिगात कुणाला जायचं असतं? मजकूर त्यानं लिहिला, पण फोटोत नटून मीच बसले होते.

निरोपांचा पाऊस पडला. एकानं विचारलं, लिटरला किती देते? दुसरा म्हणाला, बदल्यात बुलेट आणि एक म्हैस घेता का? मनापासून चौकशी केली ती फक्त मल्हारनं. कवठे महांकाळकडचा मेंढपाळ. मोठ्या रस्त्यात त्यांची चराईची रानं गेली होती, मेंढरं घेऊन लांबलांब फिरणं आता होत नव्हतं. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला एक झोकदार गाडी घ्यावी आणि उतारवयात एका जागी बसावं, असा त्याचा बेत. त्यासाठी सगळा कळप विकायचा होता.

ठरलेल्या दिवशी सकाळी शिवतेजनं मला आधीच चालू करून चांगलं गरम केलं. मग यष्टीतून उतरून चालत मल्हार आणि त्याची बायको सुलाबाई आली. मल्हारच्या डोक्याला ताजा गुलाबी पटका. बाजारात मेंढा पारखावा तसा तो माझ्याभोवती फिरला, पाठीवरून हात फिरवला. पुढचं झाकण उघडलं तर आत रिकामी डिकी.

"अगं बया, ह्यात इंजानच न्हाई!" सुलाबाई म्हणाली.

"मागं असतंय मावशी," शिवतेज म्हणाला.

"आन दोघंच बसायची जागा? नवरा-नवरी बसली तर करवली कुठं बसायची?"

"करवली चालत यील," मल्हार हसून म्हणाला. "तू आलीस की माझ्या वरातीत चालत!"

तो माझ्या सीटवर बसला. त्यानं सीटबेल्ट हातात घेतला. अर्धाच ओढला. तळाशी चिखलाची रेघ अजून आहे. मी मनात म्हणत होते, ओढ रे बाबा, पुढं ओढ. आणि त्याच मनात म्हणत होते, नको ओढूस. त्यानं सोडून दिला. शिवतेजनं किल्ली फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात डरकाळी फोडली. मल्हार लहान पोरासारखा हसला. त्या हसण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजेश्वरीनं चहा आणून ठेवला आणि कुणाकडं न बघता ती आत निघून गेली.

चहा झाल्यावर मल्हारनं कमरेची छोटी पिशवी सोडली. "पावनं, कागुद मागनं करू. आमच्यात आदी बिरोबाचा भंडारा उचलायचा." त्यानं हळद चिमटीत घेतली. "ही गाडी मी लेकरावानी सांभाळीन, बिरोबाची आण." मग पिशवी शिवतेजपुढं धरली. "तुमी एवढंच म्हणा, फोटूखाली जे लिवलंय ते खरं हाय."

इथं फसवायला सोपं होतं, मित्रांनो. समोरचा माणूस आनंदानं फसायला तयार होता. शिवतेजनं भंडारा उचलला. तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला सुचत नसावं असं वाटून मल्हारच बोलत राहिला. "पयली वरात माझ्या पुतण्याची. वस्तीवरची समदी बारकी पोरं गाडीम्होरं नाचणार. आत्तापासनं उड्या मारत्यात."

शिवतेजनं चिमूट सोडून दिली. पिवळी धूळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. "मामा, ही गाडी पुरात बुडल्याली हाय," तो म्हणाला. "बिरेक कवाबी दगा दील. मी खोटं लिवलं."

मला वाटलं, आता हा पटकेवाला त्याची गचांडी धरणार. तसं झालं नाही. मल्हार पायरीवर बसला. "मग लिवलं कशाला तसं?" त्यानं खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

"आवं, मेंढरं काल भरली की वं ट्रकात," सुलाबाई हळूच म्हणाली.

शिवतेज दचकला. "काल? गाडी बघायच्या आदी?"

"फोटू बघितला हुता की," मल्हार म्हणाला. "पुतण्यानं समदं वाचून दावलं. म्हटलं, अशी गाडी आपुन जाईस्तोवर दुसराच न्यायचा."

शिवतेजनं त्याच्याकडून मेंढरं नेणाऱ्या व्यापाऱ्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. आर्जवं केली, वर पैसे देतो म्हणाला. मेंढरं अथणीच्या बाजारात चार दिशांना गेली होती. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मावशी, मी दुसरी घिऊन देतो. तुमच्यासंगं बाजारात येतो."

"पैसं हायती की आमच्यापाशी," सुलाबाई म्हणाली. "मेंढरं मिळत्यात. पर माझी हाळी वळखणारी न्हाईत मिळायची ती."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही, आवाज चढवला नाही. शिवतेज आपल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना स्टँडवर सोडतो म्हणाला. मल्हार म्हणाला, "नगं पावनं. यष्टी हाय." तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. शिवतेज आता रोज सकाळी शेडमध्ये येऊन उगाच माझ्या दारावर हात ठेवून उभा राहतो. राजेश्वरी एकदा म्हणाली, "शेवटाला खरं बोललासा की." तो म्हणाला, "एक दिस उशीर केला." मजकूर त्यानं त्याच दिवशी बदलला, पुरात बुडालेली असं मोठ्या अक्षरात लिहिलं. पुष्कळ दिवस कुणी विचारलं नाही. परवा मात्र एका लांबच्या दलालाचा फोन आला. "पुराचं चालतंय हो, फोटो झकास आहेत. मी पुढं कुठं लिहिणार आहे ते?" माझा जीव वाचत होता. शिवतेजनं त्याला नाही म्हणून सांगितलं, जाहिरात काढून टाकली आणि भंगारवाल्याला बोलावलं.

तो उद्या येतोय. मला भीती वाटते, पण या वेळी मी शिवतेजच्याच बाजूची आहे.

मित्रांनो, काही विकायला काढाल तेव्हा त्याचं दुखणं आधी सांगा, कौतुक मागून करा. तुम्ही लिहिता एक ओळ, आणि ती खरी मानून लांब कुणीतरी आपल्या मेंढरांच्या वाडग्याचं दार उघडतं. मल्हारनं नवी मेंढरं घेतली आहेत, शिवतेजनं फोन करून चौकशी केली तेव्हा कळलं. सुलाबाई संध्याकाळी हाळी घालते, आणि अजून एकही मेंढरू मान वर करून बघत नाही.